औषध ‘पोचतं करणं’: विद्यापीठातलं क्लिनिकल-ट्रान्सलेशनल संशोधन केंद्र नेमकं कशासाठी असतं?

कोयनाकाठ (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात पाटणला घरी गेले होते. ओसरीवर शेंगा फोडत बसलो असताना आत्याने विचारलं, “तू तिकडं डॉक्टर हाईस, नर्स हाईस का हापिसात?”

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. नऊ वर्षं झाली. आत्याने विचारलेल्या तिन्हींपैकी मी कुणीच नाही, पण तिन्हींची थोडी थोडी कामं करते. तिला म्हटलं, प्रयोगशाळेत कुणाला तरी आजारावर इलाज सापडतो, पण तो पेशंटच्या हातात पडेपर्यंत मधे शंभर अडचणी असतात, त्या सोडवणारं आमचं केंद्र. शेंग फोडता फोडता ती म्हणाली, “म्हंजी पोचतं करायचं काम.”

‘ट्रान्सलेशनल’ला मी आजवर ऐकलेला हा सगळ्यात नेमका मराठी शब्द. म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी देते. अमेरिकेत मोठ्या रुग्णालयांमध्ये संशोधनासाठी वेगळ्या खाटा आणि नर्सेस ठेवणारी केंद्रं १९६० च्या सुमारास सुरू झाली. पण बाकीचं ज्याचं त्याने बघायचं. दरम्यान जीवशास्त्र फार पुढे गेलं, २००३ मध्ये मानवी जनुकसंचाचं वाचन पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, आणि तरी दवाखान्यात नवे उपचार काही त्या वेगाने येईनात. संशोधनातून निघालेली गोष्ट रोजच्या उपचारात रुजायला १७ वर्षं लागतात, हा आकडा आमच्या क्षेत्रात सतत ऐकू येतो. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या औषधांतलीही दहातली नऊ पुढे मान्यतेपर्यंत जात नाहीत.

एनआयएच ही तिकडची सरकारी आरोग्य संशोधन संस्था. एलियास झेरहौनी तिचे संचालक असताना, २००६ मध्ये, १२ संस्थांना मोठं अनुदान देऊन ‘क्लिनिकल अँड ट्रान्सलेशनल सायन्स अवॉर्ड’, म्हणजे सीटीएसए, हा कार्यक्रम सुरू झाला. ड्यूक, येल, मेयो क्लिनिक, पिट्सबर्ग या पहिल्या तुकडीतल्या. आता अशी साठाच्या आसपास केंद्रं आहेत. २०११ च्या अखेरीस एनआयएचमध्ये याच कामासाठी एनकॅट्स नावाचं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं आणि हा कार्यक्रम त्याच्याकडे गेला.

उद्दिष्टं कागदावर मोठी भारदस्त असतात. प्रत्यक्षात ती अशी दिसतात. एक तरुण किडनीतज्ज्ञ आमच्याकडे येते. एका जुन्या, स्वस्त औषधाचा तिच्या पेशंटना वेगळाच उपयोग होईल असं तिला वाटतंय. तिच्याकडे कल्पना आहे आणि आठवड्यातून अर्धा दिवस आहे, बस्स. आमच्याकडचा संख्याशास्त्रज्ञ तिच्यासोबत बसून किती पेशंट लागतील ते काढतो. दुसरं कुणी नीतिसमितीचा, म्हणजे अभ्यास पेशंटच्या दृष्टीने योग्य आहे ना हे तपासणाऱ्या समितीचा, अर्ज लिहायला मदत करतं. अंदाजपत्रक कुणी, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं कुणी. माहिती साठवायला रेडकॅप ही संगणकप्रणाली आहे, जी व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये तयार झाली आणि ना-नफा संस्थांना फुकट मिळते (भारतातही बऱ्याच ठिकाणी वापरतात). तिच्या पगारातला काही भाग आमच्या प्रशिक्षणाच्या निधीतून जातो, म्हणजे तेवढे तास तिला ओपीडीतून मोकळीक. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. डॉक्टरला विचार करायला वेळ मिळाला नाही तर बाकीचं सगळं असून उपयोग नाही.

आणि मग मी. सकाळी साडेसहाला पहिला पेशंट येतो, उपाशीपोटी. औषध दिल्यावर १५ मिनिटांनी रक्त, मग ३०, मग ६०, मग दोन तासांनी. टेबलावर स्वयंपाकघरातला साधा टायमर असतो, तो वाजला की हातातलं काम टाकून उठायचं. ट्यूब उलटसुलट करायची ती हळू, आठ वेळा. हलवायची नाही, नाहीतर रक्तपेशी फुटतात आणि नमुना वाया. मग सेंट्रिफ्यूज (नमुना गरगर फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणारं यंत्र), मग उणे ८० अंशांचा फ्रीजर. त्याचं दार उघडलं की पांढरी वाफ पायावर येते आणि हातमोज्यांतूनही बोटं झोंबतात. ज्यांचं रक्त ते आजोबा शेजारच्या खुर्चीत पांघरूण घेऊन टीव्ही बघत असतात. त्यांना या औषधाचा फायदा होईलच असं नाही, हे मी त्यांना संमतीच्या वेळी तीनदा सांगितलेलं असतं. तरी ते येतात.

तुमच्यापैकी कुणी अशा कामात असेल, किंवा घरचं कुणी चाचणीत भाग घेतलेलं असेल, तर जरूर लिहा. महाराष्ट्रात हे कसं चालतं ते मला समजून घ्यायचंय.

आकडेमोड

ताई, सुंदर लिहिलंय. मी पुण्यात जैवसंख्याशास्त्राचं काम करतो. तुमच्याकडे संख्याशास्त्रज्ञ पहिल्या दिवशी बसतो हे वाचून हेवा वाटला. माझ्याकडे लोक एक्सेलची फाइल घेऊन येतात आणि म्हणतात, “सर, पी व्हॅल्यू काढून द्या, सोमवारी सबमिशन आहे.” (पी व्हॅल्यू म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, ते जोखणारा आकडा.) घर बांधून झाल्यावर पाया किती खोल घ्यायचा हे विचारण्यातला प्रकार. ४० पेशंटमध्ये काहीच सिद्ध होणार नव्हतं हे मी त्यांना दोन वर्षं आधी दहा मिनिटांत सांगितलं असतं. त्या ४० जणांनी रक्त दिलं, खेपा घातल्या, त्याचं वाईट वाटतं.

विद्यापीठात असं केंद्र हवं ते यासाठी. हुशार माणसं आपल्याकडे खूप आहेत. त्यांना योग्य वेळी एकत्र बसवणारं कुणी नाही.

निवासी_एमडी

आकडेमोड सर, आम्ही सोमवारवाले. पण आमची बाजूही ऐका.

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमडी केलं. प्रबंध लिहिल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे दर वर्षी राज्यात शेकड्यांनी प्रबंध होतात. माझा विषय सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या) पेशंटमधल्या एका रक्तचाचणीवर होता. विषय गाइडने दिला, आणि मला तो मनापासून आवडला होता. ३६ तासांच्या ड्यूटीतून उठून मी स्वतः नमुने घ्यायचो, स्वतः सेंट्रिफ्यूज करायचो. किट महाग, म्हणून सगळे नमुने साठवून एकदम चाचणी करायचं ठरलं. मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री वीज गेली. फ्रीजरला जनरेटरची लाइन जोडलेली नव्हती. सोमवारी सकाळी दार उघडलं तर रॅकच्या तळाशी पाणी साठलेलं, ट्यूबांवरची मार्करने लिहिलेली नावं पुसलेली. सात महिन्यांचं काम होतं ते. कुणी मुद्दाम केलं नाही. तो फ्रीजर बघणं हे कुणाचंच काम नव्हतं, एवढंच.

मी विषय बदलला आणि केस पेपरांवरून होईल असा प्रबंध लिहिला. पास झालो. पण त्या वॉर्डात ज्यांच्या नातेवाइकांना मी “तुमच्या पेशंटच्या रक्तातून पुढच्यांना उपयोग होईल” असं सांगितलं होतं, त्यांच्याशी मी खोटं बोललो असं मला आजही वाटतं.

कोयनाकाठ

@निवासी_एमडी, तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुमच्या फ्रीजरबद्दल वाचून फार वाईट वाटलं. आमच्या फ्रीजरला अलार्म आहे, तापमान चढलं की रात्री दोनला फोन वाजतो आणि ज्याची पाळी असेल तो गाडी काढून जातो. त्या माणसाचा पगार केंद्राच्या अनुदानातून येतो. अनुदान मागताना त्याचं नाव कुणी ठळक अक्षरांत लिहीत नाही, पण केंद्राचं उद्दिष्ट मला विचाराल तर मी त्याच्याकडे बोट दाखवेन.

सावित्रीतीर

मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा, कोकणात ४० वर्षं प्रॅक्टिस केली. मुलांनो, प्रयोगशाळेतून पेशंटकडे हा एकच रस्ता नाही. उलटाही आहे.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर माहीत असतील. ते १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचवाने माणसं, विशेषतः लहान मुलं, डोळ्यांदेखत जायची. भात काढताना, कौलं शाकारताना, चपलेत पाय घालताना विंचू डसायचा. काही तासांत घाम, हातपाय गार, मग तोंडाला फेस. विंचवाने माणूस मरतो हेच पाठ्यपुस्तकात धड नव्हतं. बावस्कर खाटेशेजारी बसून रात्र रात्र नोंदी करत. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे त्यांनी रक्तदाबाचं एक जुनं औषध, प्राझोसिन, याला वापरलं. विषाने शरीरात ॲड्रिनलिनचा जो पूर येतो त्याचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम हे औषध रोखतं, हृदयावरचा भार उतरतो. गोळी काही रुपयांची. मृत्यू झपाट्याने खाली आले.

२०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांची रीतसर तुलनात्मक चाचणीही आली. ७० पेशंट, एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन अधिक विंचवाच्या विषावरची प्रतिलस. प्रतिलस मिळालेल्यांतले ९१ टक्के लोक दहा तासांत बरे झाले, नुसत्या गोळीवर २३ टक्के. हे सगळं महाडसारख्या गावात.

पण हे सांगताना अभिमानाबरोबर मला काळजीही वाटते. त्यांच्यामागे ना संख्याशास्त्रज्ञ होता, ना कोऑर्डिनेटर. एका माणसाच्या चिकाटीवर झालं. अशी निरीक्षणं आणखी किती डॉक्टरांच्या डायऱ्यांत पडून राहिली असतील? माझ्या स्वतःच्या दोन डायऱ्या आहेत सर्पदंशाच्या. कुणाकडे न्यायच्या ते कधी कळलंच नाही.

आकडेमोड

काका, त्या डायऱ्या मला दाखवाल? फी वगैरे काही नको. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

वैनगंगा

सावित्रीतीर काकांना जोडून गडचिरोलीचं लिहिते, कारण ‘पोचतं करणं’ म्हटलं की मला तेच आठवतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत राबवली आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. गावातलीच थोडी शिकलेली बाई, आरोग्यदूत. तिने बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. पण मग? ही पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात यायला २०११ उजाडलं. १२ वर्षं! आणि यात नवा रेणू नाही, कारखाना नाही, पेटंट नाही. धागाकर्तीने १७ वर्षं लिहिलं ते इथे डोळ्यांसमोर येतं. अडतं ते विज्ञानाच्या पुढच्या टप्प्यावर. ट्रेनिंग कोण देणार, वजनकाटा कोण पुरवणार, बाईला भत्ता कुठून.

माझी मावशी आशा आहे. बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, पावसाळ्यात नाला भरला तर वळसा घालून. आपण कुठल्या संशोधनाचं शेवटचं टोक आहोत हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाली, “मंग वजनकाटा तरी चांगला द्या म्हणा.”

प्रश्नचिन्ह

सगळं वाचलं. चांगलं आहे, पण एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. गरीब माणसावर प्रयोग करून श्रीमंत देशांनी औषधं बनवायची, हा इतिहास आहे. २०१० ची एचपीव्ही लशीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीची, घटना आठवा. तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध नसल्याचं चौकशीत निघालं, ते मान्य, पण सह्यांचं काय? ‘केंद्राची उद्दिष्टं’ म्हणताना आधी विश्वासाचं बोला.

कोयनाकाठ

@प्रश्नचिन्ह, तुमचं म्हणणं पटतं आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं.

मी जिथे काम करते तिथे माझ्या कृष्णवर्णीय पेशंटपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या मनात टस्कीगी असतं. अलाबामात १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं, सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरसुद्धा त्यांना ते दिलं गेलं नाही, आजार पुढे कसा जातो ते बघायचं म्हणून. आणि हे सरकारी आरोग्य खात्याने केलं. म्हणून सीटीएसए केंद्रांना समाजाला सोबत घेण्याचं काम स्वतंत्रपणे नेमून दिलेलं आहे. आमच्याकडे शहरातल्या लोकांचं एक मंडळ आहे: चर्चमधल्या एक बाई, एक निवृत्त बसचालक, एक सलूनवाले. अभ्यास सुरू होण्याआधी ते आराखडा वाचतात. गेल्या वर्षी बसचालकांनी विचारलं, “आठवड्यात तीन खेपा म्हणता, कामावरची सुट्टी कोण देणार?” आम्ही दोन खेपा केल्या आणि एक घरी जाऊन करतो. प्राध्यापकांना हा प्रश्न सुचला नव्हता.

भारतातले नियमही आता खूप बदलले आहेत. चाचण्यांची नोंदणी, म्हणजे सीटीआरआय, २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांसाठी सक्तीची झाली. २०१९ च्या नव्या नियमांत चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई आहे, नीतिसमितीची नोंदणी आहे, दुर्बल गटातल्या लोकांची संमती घेताना चित्रीकरणाचीही तरतूद आहे. कागद आहे म्हणून काम होतंच असं नाही, पण कागद नव्हता त्यापेक्षा बरं.

निवासी_एमडी

संमतीपत्रावरून आठवलं. मराठी भाषांतरात ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द असतो. मी एमडी आहे आणि मला तो दोनदा वाचावा लागतो. पेशंटच्या मुलाला मी सांगायचो, “दोन गट आहेत, कुठल्या गटात जायचं ते चिठ्ठी टाकून ठरणार, मीही ठरवू शकत नाही.” लगेच कळायचं. ‘प्लासिबो’ला “दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी.” ही भाषा छापील कागदावर का येत नाही?

आकडेमोड

कारण भाषांतर करणाऱ्याने कधी पेशंटसमोर बसून ते वाचून दाखवलेलं नसतं. चिठ्ठी टाकणं एकदम चपखल. उद्यापासून मीही हेच वापरणार.

खारघरकर

निराश होऊ नका, आपल्या दारातलं उदाहरण देतो. नेक्सकार-१९. रक्ताच्या काही कर्करोगांवरची कार-टी उपचारपद्धती. पेशंटच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, कर्करोगाच्या पेशी ओळखता येतील असा जनुकीय बदल करायचा, वाढवायच्या, परत सोडायच्या. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत काम झालं, पेशंटवरच्या चाचण्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी केल्या, उत्पादनासाठी आयआयटीतूनच इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते आयआयटीत लोकार्पण. परदेशात तीन-चार कोटींना पडणारी गोष्ट इथे चाळीस लाखांच्या आसपास आली. चाळीस लाख हीसुद्धा सामान्य घराला न पेलणारी रक्कम आहे, हे मला माहीत आहे. पण पवई आणि टाटा यांच्यात रोज ये-जा करणारी माणसं होती म्हणून हे झालं. अभियंता, बालकर्करोगतज्ज्ञ, रक्तपेढीवाले. वैनगंगाताईंचं दुखणं मात्र इथेही आहेच: आता किंमत आणखी खाली कशी आणायची आणि नागपूर-संभाजीनगरपर्यंत कसं न्यायचं.

अबोली

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय.

माझे बाबा सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयात कर्करोगाच्या चाचणीत होते. नेहमीच्या केमोबरोबर आणखी एक गोळी द्यायची की नाही, असा अभ्यास होता. डॉक्टर फार चांगले होते, कोऑर्डिनेटर ताई तर घरच्यासारख्या. बाबा दर महिन्याला डायरी भरायचे, मळमळ किती, झोप किती, जेवण काय. हात थरथरायला लागल्यावर मी लिहायचे, ते सांगायचे. ते गेल्यावर मी डायरी परत द्यायला गेले तेव्हा ताईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, ते आठवतं.

पण पुढे काय झालं? ती गोळी उपयोगी पडली का? कुणीच कधी कळवलं नाही. आई अजून विचारते. कुणाला विचारायचं तेही कळत नाही.

कोयनाकाठ

अबोली, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. भाग घेणाऱ्यांना निकाल न कळवणं ही आमच्या क्षेत्राची मोठी उणीव आहे, तिकडे आणि इकडेही. पोचतं करायचं ते औषध एकट्याचं नाही.

संमतीपत्राची प्रत घरी असेल तर शोध. पहिल्या पानावर किंवा वरच्या कोपऱ्यात सीटीआरआयने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बहुतेक वेळा छापलेला असतो. त्यांच्या संकेतस्थळावर तो टाकला की अभ्यासाची नोंद उघडते आणि त्यात चौकशीसाठी एका माणसाचा ईमेल दिलेला असतो. त्यांना लिही. माझे वडील यात होते, निकाल काय लागला, एवढंच. मसुदा हवा असेल तर मी करून देते.

अबोली

ताई, कागद सापडला. बाबांच्या एलआयसीच्या फाइलमध्ये होता, नीट घडी घालून. क्रमांक आहे. तुम्ही दिलेला मसुदा पाठवला.

सावित्रीतीर

अबोली, उत्तर आलं की इथे जरूर सांग गं. (आकडेमोड रविवारी येऊन डायऱ्या घेऊन गेले. २११ नोंदी निघाल्या. मला वाटलं होतं शंभर असतील.)

अबोली

अकरा दिवसांनी उत्तर आलं. अभ्यास पूर्ण झालाय, निबंध प्रसिद्ध झालाय, त्याची प्रत जोडली होती. गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. गोळी घेणाऱ्यांना तोंडाचे छाले जास्त आले. डॉक्टरांनी खाली दोन ओळी स्वतः लिहिल्यात, की आधी कळवायला हवं होतं.

ताई, ‘फरक आढळला नाही’ हे आईला कसं सांगू? बाबा गोळीच्या गटात होते.

कोयनाकाठ

असं सांग. लोकांना आणि डॉक्टरांनाही वाटत होतं की गोळीने फायदा होईल. तपासलं नसतं तर ती पुढे सगळ्यांना दिली गेली असती, पैसे गेले असते, तोंड आलं असतं, हाती काही लागलं नसतं. आता ती दिली जाणार नाही. हे तुझ्या बाबांच्या आणि बाकीच्यांच्या डायऱ्यांमधून कळलं. तोंडाच्या छाल्यांचा आकडा तर थेट त्या डायऱ्यांतलाच आहे.

अबोली

काल रात्री जेवण झाल्यावर आईला वाचून दाखवलं, थोडं थोडं मराठीत करून. छाल्यांचं आलं तेव्हा तिने थांबवलं. म्हणाली, “त्यांना आलेच होते. मी थंड साय लावायची.” मग म्हणाली, परत पहिल्यापासून वाच.